धातू आणि त्याचा सोबती
(इंग्रजीतील जोडक्रियापदे व आपल्या सीमाभागातील इंग्रजी अध्यापन : एक ऐतिहासिक विचार)



या स्मृतिव्याख्यानमालेत पूर्वी संतसाहित्य, शेती आणि स्वातंत्र्यलढा अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली आहेत. त्या मानाने मी निवडलेला विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. इंग्रजीत 'पुट' या एका क्रियापदाशेजारी 'ऑन', 'ऑफ', 'आउट', 'अप' अशी लहान अव्यये येऊन बसतात आणि क्रियापदाचा अर्थ पार पालटून जातो. या जोडीचा इतिहास आणि ती आपल्या मुलांना शिकविण्याचा इतिहास, एवढाच माझा विषय आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींनी आयुष्यभर इंग्रजीच शिकविली. व्याकरणातील लहान गोष्टींवर मुलांचे मोठे प्रश्न अडतात, हे ते जाणून होते. म्हणून हा विषय या व्यासपीठावर अस्थानी होणार नाही, असा मला विश्वास वाटतो.

प्रथम या जोडीचे स्वरूप पाहू. 'पुट' म्हणजे ठेवणे, हा अर्थ मूल पहिल्याच वर्षी शिकते. पुढे त्याला 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे अशी मंडळी भेटतात. 'ठेवणे' हा मूळ अर्थ यांपैकी बहुतेक ठिकाणी शोधूनही सापडत नाही. मुलाला दोन्ही शब्द स्वतंत्रपणे येत असतात, पण त्यांचे मिळून झालेले एकक त्याला ओळखू येत नाही. कठीण शब्द अडला तर कोश उघडता येतो. सोपे शब्द अडले तर कोश उघडण्याचेच सुचत नाही. खरी अडचण येथे आहे.

इंग्रजांनाही ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश सिद्ध केला. क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अधिक त्रास देते, असे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत नमूद केले आणि अशा जोड्या आपण विशेष काळजीने टिपल्या असल्याचे सांगितले. मात्र या जोडीला सर्वमान्य नाव मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आर्थर केनेडी या अमेरिकन अभ्यासकाने १९२० साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात त्याने 'क्रियापद-क्रियाविशेषण संयोग' असा शब्दप्रयोग केला. आज रूढ असलेली 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकात आली. ती आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली, असे स्मिथ यांनीच सांगितले आहे.

ही रीत इंग्रजीत कोठून आली? प्राचीन इंग्रजीत अव्यय बहुधा क्रियापदाच्या आधी चिकटून येत असे. 'ओव्हरकम', 'विथस्टँड', 'फरगिव्ह' हे त्या जुन्या रीतीचे आजवर टिकलेले अवशेष होत. पुढे अव्यय क्रियापदानंतर व सुटे येऊ लागले. या बदलाला उत्तरेकडून येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेचा हातभार लागला, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबारात फ्रेंच भाषा आली. तेव्हापासून इंग्रजीत एकाच अर्थाची दोन-दोन क्रियापदे नांदू लागली. लॅटिन वा फ्रेंच घराण्यातील 'पोस्टपोन', 'सरेंडर', 'एक्स्टिंग्विश', 'टॉलरेट' ही क्रियापदे कागदोपत्री व सभेत वावरू लागली, तर 'पुट ऑफ', 'गिव्ह अप', 'पुट आउट', 'पुट अप विथ' या जोड्या घरात, बाजारात आणि शेतावर राहिल्या.

आपल्याकडेही नेमकी हीच व्यवस्था आहे. कार्यवृत्तात सभा 'स्थगित' होते, घरात लग्न 'पुढे ढकलले' जाते. पण परदेशी मनुष्याला अवघड वाटणारी क्रियापदे आपल्या मुलाला सोपी जातात आणि इंग्रजांचे तान्हे मूल बोलते ती त्याला अवघड जातात. याचे कारण आपल्याकडे इंग्रजी शिरली ती कचेरीच्या आणि ग्रंथाच्या दाराने. स्वयंपाकघराच्या दाराने ती कधी आलीच नाही.

हा प्रवेश कसा झाला ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले. ते इंग्रजांना मराठी शिकविण्यासाठी होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. मधल्या काळात, १८४७ साली, थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले. त्यानंतर मराठी मुलाने इंग्रजी शिकावी म्हणून जी साधने तयार झाली त्यांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, अशी तिची शिस्त होती आणि त्या शिस्तीने हजारो माणसे इंग्रजी लिहिती झाली, याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. मात्र भाषांतराच्या तराजूत शब्दाला शब्द घालण्याची सवय लागली, की 'स्थगित करणे' या पारड्यात 'पोस्टपोन' अचूक बसतो. 'पुट ऑफ'चे दोन लहान दगड एकत्र तोलावे लागतात, हे ध्यानातून सुटते.

आपल्या अफजलपूरची कथा याहून थोडी निराळी आहे. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. म्हणजे घरात मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाने पुढे शिकायचे तर उर्दूचा आधार घेऊन इंग्रजीकडे जायचे. सीमेपलीकडील सोलापूरचा मुलगा मुंबई इलाख्याची पुस्तके वाचत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, कन्नड ही राज्याची भाषा झाली आणि चित्र पुन्हा बदलले. राज्ये बदलली, माध्यमे बदलली, परंतु मुलाच्या तोंडात तीन भाषा खेळत राहिल्या, हे मात्र बदलले नाही.

ही स्थिती आजकालची नव्हे. आपल्याच तालुक्यातील गाणगापूर, भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरील ते क्षेत्र, ज्या 'गुरुचरित्र' ग्रंथामुळे महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर हे कन्नडभाषक होते. मराठीतील सर्वाधिक पारायणे होणाऱ्या ग्रंथांपैकी एक अशा माणसाने लिहावा ज्याची मातृभाषा मराठी नाही, ही गोष्ट या भूमीचे लक्षण सांगून जाते. येथे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणे म्हणजे अंगणातून ओसरीवर जाणे होते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजीतील ही जोडी आपल्या मुलाला वाटते तितकी परकी आहे काय? माझे उत्तर ठामपणे 'नाही' असे आहे, आणि त्यासाठी तीन पुरावे मी आपणांसमोर ठेवतो.

पहिला पुरावा संस्कृताचा. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे पाचही शब्द 'हृ' या एकाच धातूचे आहेत. उपसर्ग बदलला की जेवणाचे फिरणे होते आणि फिरण्याचे मारणे होते. 'पुट'च्या परिवारात याहून वेगळे काय घडते? कोणी म्हणेल, संस्कृत उपसर्ग धातूच्या आधी व चिकटून येतो, इंग्रजी अव्यय मागून व सुटे येते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात याचाही विचार केला आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतात हा सामान्य नियम सांगून, वेदांच्या भाषेत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून दूरही ठेवले जातात, असे त्याने लागोपाठच्या सूत्रांत नोंदविले आहे. इंग्रजीत 'पुट द मीटिंग ऑफ' म्हणताना क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये सभा येऊन बसते. वैदिक ऋषीला यात काहीही नवल वाटले नसते.

दुसरा पुरावा आपल्या रोजच्या मराठीचा. पुढे ढकलणे, मागे घेणे, बाहेर पडणे, पार पाडणे, वर काढणे, मागे लागणे, हाती घेणे. या जोड्यांचे अर्थही दोन शब्दांच्या बेरजेत सापडत नाहीत. सावकार 'मागे लागतो' तेव्हा तो पाठीशी चिकटलेला नसतो आणि पुढारी वक्तव्य 'मागे घेतो' तेव्हा त्याचा हात पाठीकडे जात नाही. 'पुट ऑफ' आणि 'पुढे ढकलणे' यांत तर कल्पनाही एकाच जातीची आहे. त्यातील गंमत अशी की, 'पोस्टपोन' हा शब्द लॅटिनमध्ये 'नंतर' आणि 'ठेवणे' अशा दोन तुकड्यांचाच बनला आहे, आणि कन्नडमध्ये आपण ज्याला 'मुंदूडु' म्हणतो तोही पुढे ढकलण्याचाच प्रकार आहे. चार भाषांनी काळाला एकाच दिशेने ढकलले आहे.

तिसरा पुरावा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आपल्या सीमाभागाचा आहे. इंग्रजीत 'अप' हे अव्यय पुष्कळदा वरची दिशा न दाखविता क्रिया पुरी झाल्याचे दाखविते. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे; 'यूज' म्हणजे वापरणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणे. हे काम मराठी अव्ययाकडून करवून घेत नाही. ती दुसरे क्रियापद बोलावते. खाऊन टाक, लिहून टाक, देऊन टाक. कन्नडमध्ये तिंदुबिडु, बरेदुबिडु, कोट्टुबिडु. उर्दूत खा डाल, लिख डाल, दे डाल. 'टाकणे', 'बिडु' आणि 'डालना' यांचे मूळ अर्थ टाकण्या-सोडण्याचे आहेत, पण येथे कोणीही काही टाकीत नाही. याचप्रमाणे मराठीतील 'करून घे' आणि 'करून दे' यांना कन्नडमध्ये 'माडिको' आणि 'माडिकोडु' अशी तंतोतंत जोडी आहे. क्रिया स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी, हा सूक्ष्म भेद आपण एका लहान क्रियापदाने दाखवितो. इंग्रजीला तो दाखविण्यास निराळे शब्द खर्च करावे लागतात.

या साम्याकडे जगातील भाषाशास्त्रज्ञांचे लक्ष गेले आहे. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे, म्हणजे भिन्न कुळांतील भाषांनी शेजारधर्माने एकमेकींचे गुण उचलले आहेत, हा विचार मांडला. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली या क्षेत्राच्या लक्षणांत संयुक्त क्रियापदांची गणना केली. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा गम्पर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांचे सांगाडे जवळजवळ एक झाले, असे त्यांना आढळले. कुपवाडचे लोक यावर कदाचित हसले असतील. कारण त्यांना, आणि आपल्यालाही, हे रोजच ठाऊक होते.

मराठी व्याकरणकारांत मात्र संयुक्त क्रियापदाविषयी बराच खल झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्या परंपरेचा विस्तृत विचार केला. दोन क्रियापदे मिळून एक क्रिया केव्हा होते आणि दोन क्रिया केव्हा राहतात, हा कळीचा प्रश्न होता. 'पत्र लिहून टाकले' या वाक्यात लिहिणे हीच एक क्रिया आहे; 'पत्र लिहून पेटीत टाकले' या वाक्यात दोन आहेत. इंग्रजीत 'ही रॅन अप अ हिल' म्हणजे तो टेकडीवर धावत गेला, आणि 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली. दुसऱ्या वाक्यात 'अप' हे कर्माच्या पलीकडे नेता येते, पहिल्यात येत नाही. तसेच कर्माच्या जागी सर्वनाम आले तर ते जोडीच्या मध्येच बसते; 'पुट इट ऑफ' म्हणावे लागते, 'पुट ऑफ इट' चालत नाही. 'लुक आफ्टर'सारख्या, जेथे दुसरा शब्द शब्दयोगी अव्ययाचे काम करतो अशा, जोडीत मात्र सर्वनाम शेवटीच येते. सांगावयाचे हे की, ज्या मुलाला 'लिहून टाकले'मधला भेद कानाने कळतो, त्याला 'रॅन अप'मधला भेद समजण्याची बुद्धी आधीच मिळालेली असते. ती जागी करणे एवढेच शिक्षकाचे काम आहे.

ती जागी झाली नाही तर काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीसंबंधी एका कचेरीचे पत्र आले. पत्र इंग्रजीत होते आणि मुलाखत 'कॉल्ड ऑफ' झाली आहे, असे त्यात लिहिले होते. 'कॉल' म्हणजे बोलावणे हे त्याला पक्के ठाऊक होते. रात्रभराचा प्रवास करून तो दारात उभा राहिला, तेव्हा मुलाखतच रद्द झाल्याचे त्याला कळले. मुलगा हुशार होता, त्याचे शब्दभांडार चांगले होते, स्पेलिंगही चुकत नसे. प्रवासभाड्याचे पैसे त्याच्या वडिलांनी उसने आणले होते. तीन अक्षरांचे ते 'ऑफ' त्या घराला केवढ्याला पडले, याचा हिशेब कोणत्याही व्याकरणात नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नावर विचार झाला नाही असे नाही. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. तीत क्रियापदे अवघी १८ होती. बाकीचे काम त्यांना अव्यये जोडून करावयाचे होते. योजना दिसण्यात सोपी होती. परंतु 'गेट' आणि 'अप' हे दोन शब्द मोजले तरी 'गेट अप' हा तिसरा शब्द मोजणीबाहेर राहतो, हे आपल्या मुलांच्या अनुभवावरून कोणीही सांगेल. ए. एस. हॉर्नबी यांनी परदेशी विद्यार्थ्यांना शिकवीत असता तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो जगभर पोहोचविला. शब्द वाक्यात कसा वागतो हे दाखविण्याची दृष्टी त्या कोशाने रूढ केली. आपल्या जवळच हैदराबादला १९५८ साली इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली. २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. ज्ञान उपलब्ध होते. ते तालुक्याच्या गावातील फळ्यापर्यंत पोहोचले ते बहुधा पाठ करावयाच्या यादीच्या रूपाने: 'पुट'च्या दहा जोड्या, 'टेक'च्या दहा, 'ब्रेक'च्या दहा आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरा.

दरम्यान या जोड्या दुसऱ्याच वाटेने आपल्या बोलण्यात शिरल्या आहेत. नाटकाचा मेकअप, दवाखान्यातील चेकअप, एस. टी.चा ब्रेकडाउन, क्रिकेटमधला रनआउट हे शब्द आपण केव्हाच घरचे केले. २०२० साली 'लॉकडाउन' शब्द खेड्यातील आजीबाईंनाही समजावून सांगावा लागला नाही. मोबाईल हाती आल्यापासून मुले 'लॉगइन' करतात, 'बॅकअप' घेतात. मात्र मराठीने या जोड्या क्रियापद म्हणून स्वीकारलेल्या नाहीत. तिने त्यांची नामे बनविली आणि मागे आपले 'करणे', 'घेणे', 'होणे' लावले. फारसीतून आलेल्या मंजूर, दाखल, रुजू, जमा या शब्दांच्या बाबतीत तिने हेच केले होते. परका शब्द कितीही मोठा असो, क्रियापदाची गादी त्याला द्यावयाची नाही, हा आपल्या भाषेचा जुना बाणा आहे. मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, 'चेकअप' त्याला येते, पण 'चेक अप ऑन'पाशी तो थबकतो. ओळखीचा दगड हाताशी आहे. त्यावर पाय ठेवण्यास कोणीतरी सांगितले पाहिजे.

म्हणून माझ्या शिक्षकबंधूंना तीन विनंत्या करतो. पहिली, या जोड्या क्रियापदानुसार न मांडता अव्ययानुसार मांडाव्यात. 'अप' समाप्ती दाखविते, 'ऑफ' तुटणे वा दूर होणे दाखविते, 'ऑन' चालू राहणे दाखविते. सर्व जोड्या यात बसत नाहीत, पण पुष्कळ बसतात, आणि पाठांतराचा भार हलका होतो. दुसरी, प्रत्येक जोडी मोठ्याने म्हणवून घ्यावी. 'पुट इट ऑफ'मध्ये आघात 'ऑफ'वर पडतो; जो शब्द कानाला ठळक ऐकू येतो तो डोळ्यांतून सुटत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, इंग्रजीच्या तासाला मुलाच्या घरच्या भाषेला दाराबाहेर उभे करू नये. त्याला आधी विचारावे: 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फरक काय? कन्नडभाषक मुलाला 'तिन्नु' आणि 'तिंदुबिडु' विचारावे, उर्दूभाषकाला 'खा' आणि 'खा डाल'. एका वर्गात तीन उत्तरे येतील आणि तिन्हींचा अर्थ एक असेल. चौथे उत्तर, 'ईट अप', फळ्यावर लिहिण्यास मग फार वेळ लागणार नाही.

सीमाभागातील मुलाला अनेक भाषांचे ओझे वाहावे लागते, असे आपण नेहमी म्हणतो. ते ओझे आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या मुलाने सहाव्या वर्षीच तीन भाषांत एकाच क्रियेला तीन सोबती जोडलेले ऐकले आहेत, त्याच्या गाठीला जे भांडवल आहे ते एकभाषी शहरातील मुलाजवळ नाही. ते भांडवल त्याच्या नावावर जमा आहे, ही गोष्ट त्याला अद्याप कोणी सांगितलेली नाही. ती सांगण्याचे काम शाळेचे आहे.